तात्या विंचूचं दुसरं येणं

भुताच्या गोष्टीत सूड हा बहुतेक वेळा असतोच. अन्यायाने मेलेला जीव परत येतो आणि हिशेब चुकता करतो, अशी तिची ठरलेली वाट. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ने ही वाट सोडली. त्यातला तात्या विंचू हा अन्याय झालेला जीव नव्हे, तर चांगला बनेल गुंड. पोलिसाच्या गोळीने मरताना तो मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो. बाहुल्यातून सुटायचं, तर त्याने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात जायला हवं. तो माणूस म्हणजे लक्ष्या, आपले लक्ष्मीकांत बेर्डे.

हॉलिवूडच्या १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’शी या कथेचं नातं उघड आहे. पण बाहुला मात्र अस्सल इथला. तो घडवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी अर्धवटरावांना बोलतं केलं होतं. तात्याची भूमिका आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बोलक्या बाहुल्यांची जुनी परंपरा अशी भयपटाच्या कामी आली.

आम्हा नाशिककरांना पडद्यावरची जादू नवी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटात येण्यापूर्वी ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत. १९१८ साली नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी त्यांनी ‘श्रीकृष्ण जन्म’ आणला आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’. या दुसऱ्या चित्रपटात बाळकृष्ण झाली ती त्यांची लेक मंदाकिनी. म्हणजे कथा पुढे नेणं आणि ती घरातल्या लेकराच्या हाती देणं, ही आपल्या पडद्याची पहिल्यापासूनची रीत.

‘झपाटलेला २’ आला २०१३ साली, तब्बल वीस वर्षांनी. मधल्या काळात, १६ डिसेंबर २००४ रोजी, लक्ष्मीकांत बेर्डे गेले. खलनायक हजर आणि नायक काळाच्या पडद्याआड, असा हा पेच. अमेरिकेत ‘द क्रो’ या सूडपटाच्या चित्रीकरणात १९९३ साली ब्रँडन ली हा नायक अपघाताने गेला. १९९६ साली त्याचा दुसरा भाग आला, तोही नव्या नायकाला घेऊन.

कोठारे यांनी लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या उभा केला नाही. त्यांनी त्याचा मुलगा आणला. भूमिका केली कोठारे यांचा स्वतःचा मुलगा आदिनाथ याने. तात्याला आता त्याचं शरीर हवं आहे. माझ्या मते या चित्रपटाचं खरं मोल इथं आहे. त्याचा थ्रीडी म्हणून पुष्कळ गाजावाजा झाला. पडद्यातून अंगावर येणारा बाहुला पाहून पोरं किंचाळली असतील. पण बापाचं येणं मुलाच्या नावावर चढावं, ज्याने काहीच केलं नाही त्याच्या दारात वसुली यावी, ही भीती चष्मा काढल्यावरही जात नाही.

चित्रपटात उणं नाही का? आहे. लक्ष्याच्या भेदरलेल्या चेहऱ्यावर भीती आणि हसू एकाच वेळी दिसे. ती जागा कुणालाच भरता आली नाही. पहिल्या भागात आपण त्या भाबड्या माणसासाठी घाबरलो होतो. दुसऱ्यात बाहुल्याची करामत बघायला बसलो.

माझी दादी म्हणायची, रूह एकदा गेली की परतत नाही. रात्री जिनांच्या गोष्टी मात्र तीच रंगवून सांगायची. तिचं म्हणणं मला या चित्रपटाच्या बाबतीत पटतं. गेलेला माणूस येत नाही. मागे राहतं ते त्याचं देणंघेणं, आणि ते मुलांना फेडावं लागतं. दंगलीत, भाऊबंदकीत, बांधावरच्या भांडणात आपण हे रोज पाहतो. तिथं मंत्र म्हणणारा कुणी बाबा नसतो, तरी जुनं वैर नवं शरीर शोधतच असतं. ते आपल्या मुलाच्या अंगात शिरू द्यायचं की नाही, एवढं तरी आपल्या हाती आहे.