कोंड्यावरची बुरशी आणि धमनीचे औषध : बंगळूरमधील स्टॅटिनचा इतिहास

स्टॅटिन वर्गातील पहिली औषधे बुरशीतून मिळाली, आणि बंगळूर शहराचा या औषधांशी संबंधही बुरशी वाढवण्याच्या कसबातूनच आला. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी दोन वर्षांत सुमारे 6,000 बुरशी तपासल्या. क्योटोतील तांदळावर सापडलेल्या पेनिसिलियमच्या एका जातीतून 1973 साली त्यांना कॉम्पॅक्टिन मिळाले. अमेरिकेतील मर्क कंपनीने पुढे ॲस्परजिलस टेरियस या मातीतल्या बुरशीतून लोव्हास्टॅटिन वेगळे केले. 1987 मध्ये तेथील औषध प्रशासनाने परवानगी दिलेले ते पहिले स्टॅटिन ठरले.

स्टॅटिनचे मुख्य काम यकृतात चालते. कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतील एक विकर ते अडवते. यकृतातील कोलेस्टेरॉल कमी पडले की यकृताच्या पेशी रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण अधिक प्रमाणात ओढून घेतात. हेच कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली साचतात. तेथे चरबीचा थर तयार होतो, आणि तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी बसून हृदयविकाराचा झटका येतो. रक्तातील एलडीएल उतरल्याने खरोखर जीव वाचतात का, याचे ठाम उत्तर 1994 साली स्कँडिनेव्हियातील 4,444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीने दिले. सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांमधील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते.

बंगळूरमध्ये किरण मुजुमदार-शॉ यांनी 1978 साली बायोकॉन सुरू केली तेव्हा या सगळ्याशी कंपनीचा काही संबंध नव्हता. भाड्याच्या घराचे गॅरेज, दहा हजार रुपयांचे भांडवल आणि आयर्लंडमधील एका कंपनीची भागीदारी, एवढ्यावर काम उभे राहिले. पपईच्या चिकापासून पपेन आणि माशांच्या वाताशयापासून बिअर नितळ करणारा पदार्थ, ही पहिली उत्पादने होती. मुजुमदार-शॉ यांचे शिक्षण मद्यनिर्मितीचे, त्यामुळे किण्वन हा कंपनीचा मूळ पिंडच होता. पुढे विकरे बनवताना जपानी कोजीची पद्धत उपयोगी पडली. सोया सॉससाठी जपानी लोक दाण्यांवर बुरशी वाढवतात, तशी ती ओलसर गव्हाच्या कोंड्यावर वाढवायची. पाण्याच्या टाकीत वाढवण्यापेक्षा ही रीत वेगळी आहे. कोंड्यात मोकळे पाणी जवळजवळ नसते आणि बुरशीला रानातल्यासारखे घन पृष्ठ मिळते.

उघड्या ताटांतील या पद्धतीत अडचणीही मोठ्या होत्या. वाढणारी बुरशी उष्णता सोडते आणि कोंड्याच्या थरातून ती सहज बाहेर पडत नाही. शिवाय हाताळताना परके जंतू शिरतात. खाद्यविकरांसाठी हे एक वेळ निभावते, औषधासाठी नाही. बायोकॉनने विकसित केलेल्या प्लाफ्रॅक्टर यंत्रात निर्जंतुकीकरण, बुरशीचे बीजारोपण, तिची वाढ, थंड करणे आणि शेवटी पदार्थ काढून घेणे, ही सर्व कामे एकाच बंद पात्रात होतात. या शहरातील औषधनिर्मितीच्या इतिहासात या यंत्राला मिळते त्यापेक्षा मोठे स्थान मिळायला हवे, कारण जुन्या स्वयंपाकघरी कसबाचे औषध कारखान्याच्या शिस्तीत रूपांतर येथे झाले.

बुरशीतून मिळणाऱ्या स्टॅटिनसाठी वेळही जुळून आली. 1970 च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या कृतीलाच पेटंट मिळत असे. 2005 पर्यंत हीच स्थिती होती. अमेरिकेत लोव्हास्टॅटिनचे पेटंट 2001 साली संपले आणि त्याच वर्षी बायोकॉनच्या लोव्हास्टॅटिनला तेथील औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. लोव्हास्टॅटिनच्या रेणूत एक लहान रासायनिक बदल केला की सिमव्हास्टॅटिन होते. त्यामुळे पहिले बनवणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा कच्चा मालही असतो. 2004 साली कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेले. या मूल्यामागे स्टॅटिनचा वाटा मोठा होता.

याच शहरातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे काम चालू होते. प्रेम पैस आणि सहकाऱ्यांनी पहिला झटका आलेले 200 रुग्ण आणि तितकेच झटका न आलेले लोक यांची तुलना केली. 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात विडी-सिगारेट, रक्तदाब, रक्तातील साखर आणि पोटाचा घेर ही कारणे ठळक दिसली, कोलेस्टेरॉलचा संबंध मात्र दिसला नाही. पण तेवढ्यावरून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरत नव्हते. 2004 मध्ये 52 देशांतील इंटरहार्ट अभ्यासाने चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण मोजले आणि दक्षिण आशियातही त्यांचा दोष सिद्ध झाला. येथील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो, हेही त्यातून कळले. घरातला कर्ता माणूस कमावत असतानाच आजार गाठतो, असा त्याचा अर्थ.

सेंट जॉन्सच्या संशोधकांनी 2008 साली 50 शहरांतील 20,468 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातले आकडे अस्वस्थ करणारे आहेत. झटका आलेल्या सधन रुग्णांपैकी 61 टक्क्यांना चरबी उतरवणारे औषध मिळाले, गरिबांपैकी 36 टक्क्यांनाच. तीस दिवसांतील मृत्यूही गरिबांत अधिक होते. बंगळूरचा कारखाना परदेशी बाजारासाठी स्टॅटिन बनवत होता, आणि या देशातल्या ज्या रुग्णाला त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याला ते मिळत नव्हते. 2011 च्या प्युअर या बहुदेशीय अभ्यासात, ज्यात बंगळूर हे एक केंद्र होते, गरीब देशांमध्ये हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी जेमतेम 3.3 टक्के लोक स्टॅटिन घेत होते.

ही दरी भरण्याची एक कल्पना म्हणजे अनेक औषधे एकाच गोळीत घालणे. ब्रिटनमधील वॉल्ड आणि लॉ यांनी ती 2003 मध्ये मांडली. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने पॉलिकॅप बनवली. तिच्यात सिमव्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची तीन औषधे होती. सेंट जॉन्सच्या पुढाकाराने देशातील 50 केंद्रांत 2,053 लोकांवर झालेली तिची चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली आणि एकत्र घेऊनही औषधे आपापले काम करतात हे दिसले. झटके खरोखर कमी होतात का, हे पाहायला आणखी अकरा वर्षे गेली. 5,713 लोकांच्या चाचणीत, ज्यात जवळजवळ निम्मे भारतातले होते, ॲस्पिरिनविना बनवलेली पॉलिकॅप आणि वेगळी ॲस्पिरिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना 31 टक्क्यांनी कमी आढळल्या. चाचणी सुरू असतानाच अनेकांनी गोळी सोडली होती. नियमित घेतली असती तर फरक अधिक दिसला असता, असे मानायला जागा आहे.

आज भारतात अधिक चालणारी ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन पूर्णपणे रासायनिक रीतीने बनतात. त्यांना बुरशी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत हृदयविकारासाठीच्या अशा संयुक्त गोळ्यांचा समावेश केला, आणि त्या प्रत्येक गोळीत एक स्टॅटिन आहे.