दरेवाडी सौरवीज प्रकल्प

दरेवाडी सौरवीज प्रकल्प : महावितरणच्या तारा न पोहोचलेल्या वस्तीसाठी उभारलेला स्वतंत्र वीजप्रकल्प. दरेवाडी ही पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील सह्याद्रीतली छोटी वाडी. पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेने २०१२ मध्ये येथे ९.४ किलोवॅट क्षमतेचा मायक्रोग्रिड सुरू केला. त्यासाठी बॉश कंपनीचे साहाय्य लाभले. सुमारे ३९ घरांना वीज मिळाली.

रचना : सौरपट्ट्यांतून येणारा एकदिश प्रवाह बॅटऱ्यांत साठवला जातो. इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो आणि खांबांवरील तारांमधून तो घरोघरी जातो. एकट्या सौरकंदिलापेक्षा ही व्यवस्था निराळी आहे. दिव्यांबरोबर पिठाची गिरणीही चालवता येते. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईसाठी वाडीतली गिरणी दिव्याइतकीच मोलाची ठरते.

व्यवस्थापन : घरोघरी मीटर बसवून वापराप्रमाणे पैसे भरण्याची पद्धत ठेवण्यात आली. कारभार ग्रामस्थांकडेच सोपवण्यात आला. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. त्यासाठी गंगाजळी साठली नाही, तर चांगला प्रकल्पही बंद पडतो. सह्याद्रीत पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत उत्पादन घटते, तेव्हा विजेचा काटकसरीने वापर करावा लागतो.

इतरत्र : पॅलेस्टाईनमध्ये हेब्रॉनच्या दक्षिणेकडील टेकड्यांवरच्या वीजजोडणी नसलेल्या वस्त्यांसाठी कोमेट-एमई या संस्थेने सौर व पवनऊर्जेची जोड देणारे असेच प्रकल्प उभारले आहेत.