इंदूरचे खत आणि परसातील माती

परसात भाजी लावण्याचा उत्साह बहुधा मृगाच्या पावसाबरोबर येतो आणि पहिल्याच पिकाबरोबर मावळतो. मेथी बोटभर वाढून पिवळी पडते, वांग्याची रोपे खुरटतात, आणि आपल्या हातालाच गुण नाही असे घरधन्यास वाटू लागते. वस्तुतः दोष हाताचा नसून मातीचा असतो. पुष्कळदा तर ती सुधारण्याकरिता जे घाईने केलेले असते त्याचाच तो दोष असतो. श्रोतेहो, ही अडचण केवळ नवशिक्या बागाइताचीच आहे असे नव्हे. एका नामांकित शास्त्रज्ञाने तिजपायी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली, आणि त्याने शोधलेला उपाय होळकरांच्या इंदूर शहराच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाला.

आल्बर्ट हॉवर्ड हे त्यांचे नाव. १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांची पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रात निष्णात होत्या, आणि गव्हाच्या सुधारलेल्या जातींवरील काम दोघांनी मिळून केले. पुस्याच्या आसपासची शेते औषधाच्या फवाऱ्यावाचून निरोगी राहतात हे पाहून हॉवर्ड यांनी तेथील शेतकऱ्यांना आपले गुरू मानले. परदेशी विद्वानांत हा गुण त्या काळी दुर्मिळच म्हणावयाचा. पुढे १९२४ साली ते इंदूरच्या नव्या संस्थेचे संचालक झाले.

तेथे मुख्य प्रश्न खताच्या दुष्काळाचा होता. सरपण महाग, म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापावयाच्या. मग शेताला उरणार काय? गोवऱ्या जाळू नका असा उपदेश करणे सोपे होते, पण त्याने चूल पेटत नाही. उलट पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण यांचे ढीग वाया जात होते. तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करावे, असा प्रश्न हॉवर्ड यांनी मांडला. चीन, कोरिया व जपान येथील शेतकरी टाकाऊ वस्तूंचे खत कसे करतात याचे किंग या अमेरिकन गृहस्थाचे वर्णन १९११ सालीच छापले गेले होते. १९२१ मध्ये इंग्लंडातील रॉदमस्टेड येथील शास्त्रज्ञांनी असेही दाखविले होते की, पेंढ्याला पुरेसे नत्र मिळाले तर गुरांवाचूनही त्याचे खत होते. या दोन्ही गोष्टींची सांगड इंदुरास पडली. तेथील रसायनशाखेचे मुख्य साहाय्यक यशवंत वाड यांनी या कामात हॉवर्ड यांना जोड दिली. १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाड यांचे मात्र क्वचितच.

रीत अशी होती. चिवट पऱ्हाट्या प्रथम रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घ्यावयाच्या. मग तो चुरा बैलांखाली अंथरावयाचा, म्हणजे तो मुताने भिजतो. गोठ्यातील मुरलेली माती, थोडे शेण आणि चुलीतील राख यांसह त्याचे थर खड्ड्यात रचावयाचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोली मात्र अवघी २ फूट. असे का? तर त्याहून खाली हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून कुजणे म्हणजे सडणे. म्हणून ढीग तुडवावयाचा नाही, ओला ठेवावयाचा पण चिंब करावयाचा नाही, आणि तीन वेळा चाळवावयाचा. आत हात ठेववत नाही इतकी ऊब चढते. आरंभी नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे ३३ भाग असतात, ते तीन महिन्यांत १० वर येतात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग घालीत.

हे गणित समजले की परसातील मेथी का पिवळी पडली तेही समजते. कच्चा पाला किंवा भुसा मातीत पुरला, तर तो कुजविणारे जंतू आपल्या पोषणासाठी मातीतले नत्र ओढून घेतात, आणि रोप उपाशी राहते. जे मातीबाहेर व्हावयाचे ते मातीत झाले, इतकेच. काळी जमीन मोकळी करण्यासाठी थोडीशी वाळू मिसळणे हाही असाच आवडता उपाय आहे. तिने जमीन बहुधा अधिकच घट्ट बसते. आणि ओली काळी माती खणणे सर्वांत वाईट, कारण तिची ढेकळे वाळून विटेसारखी होतात.

इंदूरचे खत लवकरच केनियातील कॉफीच्या व इतरत्र चहाच्या मळ्यांत गेले. मळेवाल्यांजवळ ढीग चाळविण्यास मजूर होते; आपल्या लहान शेतकऱ्याजवळ ते नव्हते, ही या पद्धतीची खरी अडचण होय. १९३५ साली गांधीजींच्या ‘हरिजन’ पत्राने तिची माहिती छापली. १९३९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आचार्य यांनी शहरातील कचरा व मैला यांसाठी न चाळविता खत करण्याची निराळी रीत बसविली. तिला वेळ अधिक लागतो, श्रम कमी. हॉवर्ड १९४७ साली वारले. अशा खतावर वाढलेल्या पिकास आणि ते खाणाऱ्यास रोगच शिवत नाही, इतक्या टोकास ते पुढे पुढे गेले. ते मानण्यास पुरेसा आधार नाही. खताचे मोल मात्र त्यामुळे घटत नाही.

आता ज्याच्या घरी बैल नाहीत त्याने काय करावे? भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत नत्र पुष्कळ, वाळल्या पानांत कर्ब पुष्कळ. ओल्या एका टोपलीस वाळल्या पानांच्या दोनतीन टोपल्या, वर मूठभर माती, असे थर सावलीत रचावे. तीन फुटांहून लहान ढिगास ऊब धरत नाही. मुठीत दाबले असता हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. दुर्गंध आला तर हवा कमी पडली असे समजून ढीग उकलावा. आंब्याफणसाची चिवट पाने आधी वाटेवर टाकून पायांखाली चुरून घ्यावी, जशा इंदुरास पऱ्हाट्या चुरीत. पान ओळखू येईनासे झाले आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास सुटला म्हणजे खत झाले. ते वाफ्यावर दोन बोटे जाड पसरून वरच्या वितभर मातीत मिसळावे. माघात रचलेला आणि वेळोवेळी चाळविलेला ढीग मृगापर्यंत बहुधा हाती येतो.