ससा खाईना : शनिवार सकाळ ते रविवार दुपार

मे महिना. घर राहुरीच्या शिवारातलं धरू: डेअरीला दूध घालणारं, गोठ्यात चार गाई, दारात लसूणघासाचे वाफे आणि पोरांच्या हट्टापायी आणलेला दीड किलोचा ससा. घर कल्पनेतलं आहे. सशाच्या पोटात जे घडतं ते नाही.

शनिवार, सकाळी 9. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या पोरांनी बिस्किटं, पोळी, गूळ असं मनसोक्त चारलेलं. आज गाजर पुढे केलं तर त्यानं तोंड फिरवलं.

दुपारी 1. पिंजऱ्याखाली रोज वाटाण्याएवढ्या लेंड्यांचा ढीग असतो. आज मोजक्याच, मुगाएवढ्या, काही केसात ओवलेल्या. आतडं मंदावलं की पोटातल्या अन्नातलं पाणी शोषलं जातं आणि त्याचा घट्ट गोळा होतो. मागे अंधनालात नको ते जंतू माजतात, वायू धरतो. वायूनं दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं. सशाला ओकताही येत नाही. "उन्हानं सुस्तावलाय," असं ठरलं आणि सगळे कामाला लागले.

रात्री 8. कोपऱ्यात पाठ काढून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. कान देऊन ऐकलं तर दातांची करकर. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो, त्यामुळे पाहणाऱ्याला तो शहाण्यासारखा गप्प बसलेला वाटतो. दहा-बारा तास तोंडात काही न घेतलेला ससा खरं तर एव्हाना डॉक्टरपुढे हवा.

रात्री 9. घरातल्या थोरल्या आबांनी गोडेतेल काढलं. ज्या तालुक्यातल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं लसूणघासाचं 'आरएल-88' वाण दिलं, तिथे ओल्या घासानं गाय फुगते हे पोरासोरांनाही ठाऊक. गाईला तेल लागूही पडतं, कारण तिचा चारा आधी कोठीपोटात आंबतो आणि तिथला फेस तेलानं मोडतो. सशाचं आंबवण लहान आतड्याच्याही पलीकडे, अंधनालात होतं. चमचाभर तेल तिथवर जाऊन काय करणार? जबरदस्तीनं पाजताना ते फुप्फुसात उतरायची भीती मात्र खरी.

रात्री 11. कपाटात पोराच्या तापातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन होतं. "नको आबा, माणसाचं औषध आहे ते," सून म्हणाली. तिनं अडवलं ते बरोबर होतं. सशाला ते तोंडावाटे दिलं तर अंधनालातले कामाचे जंतू मरतात आणि विष करणारे माजतात.

पहाटे 4. धारा काढायला उठलेल्या सुनेनं हात लावला, तर कान गार. सशाचं अंग साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं. 38 च्या खाली उतरणं वाईट. तिनं गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली. रात्रभरात या घरात झालेला हा पहिला खरा उपचार.

रविवार, सकाळी 9. रविवारी डॉक्टर शोधण्यातच वेळ गेला. सापडले तेव्हा त्यांनी पोट चाचपलं, कातडीखाली सलाईन आणि वेदनाशामक दिलं. अडथळा नाही असं वाटल्यावर आतडं चालवणारं औषध दिलं आणि भरवायची रीत सांगितली. सशाचं गोळीखाद्य भिजवून वाटायचं, पातळ पेज करायची. बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांमागच्या फटीत बाजूनं घालायची आणि घास गिळलेला दिसल्यावरच पुढचा द्यायचा. एका वेळी 10-15 मिलिलिटर, दिवसातून तीन-चारदा. पोट नगाऱ्यासारखं ताठलं तर भरवणं बंद, थेट दवाखाना. बरा झाला तर वाळलेलं मारवेल गवत कायम पुढ्यात हवं; नुसत्या लसूणघासावर मोठा ससा ठेवू नये, त्यात प्रथिनं आणि चुना फार.

सकाळी 11. सुनेनं पेज भरवली. त्यानं तीनदा गिळली, चौथ्यांदा ओठातून सांडली.

दुपारी 3. ससा गेला. घरचे आल्यागेल्याला सांगतात, एका रात्रीत गेला. गाजर नाकारल्याला तीस तास झाले होते.