एटीएमला ‘हो’ कोण सांगतं? हुंडीपासून कॉसमॉसपर्यंत

समजा, तुम्ही नगरच्या माळीवाडा स्टँडवर उतरलात. खिशात सुटे काय, बंदेही नाहीत. शेजारच्या एटीएममध्ये शिरलात, कार्ड घातलं, चार आकडे दाबले. यंत्र काही सेकंद घरघरलं आणि नोटा हातात आल्या. आता सांगा, कार्ड खरं आहे आणि माणूसही तोच आहे, हे त्या काही सेकंदांत कोणी ठरवलं?

बहुतेक जण म्हणतात, यंत्रानं. खरं तर यंत्र फक्त निरोप्या आहे. माझ्या संशोधनाचा विषय पैशाच्या व्यवहारातला विश्वास हा आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

हुंडीच्या काळात एक प्रकार होता शहाजोग हुंडी. तिचे पैसे कोणाही आगंतुकाला मिळत नसत, बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत. शिवाय हुंडी काढणारा सावकार दुसऱ्या गावच्या पेढीला वेगळं पत्र धाडायचा. हुंडी आली की ती त्या पत्राशी ताडून बघायची, मगच पैसे मोजायचे. म्हणजे कागद एका वाटेनं आणि खात्री दुसऱ्या वाटेनं. ही युक्ती लक्षात ठेवा.

27 जून 1967 रोजी लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेनं नोटा देणारं यंत्र बसवलं. ते ज्याच्या नावावर आहे तो जॉन शेफर्ड-बॅरन जन्मला आपल्या शिलाँगला! त्या यंत्रात कार्ड नव्हतं. किंचित किरणोत्सारी शाई लावलेला कागदी चेक घालायचा, आकडे दाबायचे, 10 पौंड घ्यायचे. ते यंत्र बँकेला काही विचारत नसे. दुसरी वाट अजून तयार व्हायची होती.

ती पुढे तारेनं आली. भारतात पहिलं एटीएम 1987 मध्ये मुंबईत एचएसबीसीनं बसवलं. आज तुम्ही दाबलेला पिन कीपॅडच्या आतच सांकेतिक होतो. तो निरोप एटीएमच्या बँकेकडून नॅशनल फायनान्शियल स्विचसारख्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या ‘स्विच’पर्यंत जातो. तिथे एका सीलबंद पेटीत पिन पडताळला जातो, खात्यात शिल्लक बघितली जाते, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ परत येतं. यंत्र तेवढं ऐकतं.

चोरांनी आधी कार्डावर हात मारला. काळ्या चुंबकीय पट्टीवर दर वेळी तीच माहिती असते. खाचेवर चोरटा वाचक बसवला, वर बारीक कॅमेरा लावला, की कार्डाची नक्कल आणि पिन दोन्ही तयार. त्यावर उपाय म्हणून चिप आली. ती प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा बनवते, त्यामुळे कालचा आकडा चोरून आज उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेनं पट्टीची कार्डं बदलायला 31 डिसेंबर 2018 ही मुदत दिली होती.

मुदतीला साडेचार महिने उरले असताना पुण्यात घाव बसला, तोही भलत्याच जागी. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी आपला तोतया स्विच उभा केला. मग नक्कल केलेली कार्डं घेऊन माणसं 28 देशांतल्या एटीएमसमोर गेली. प्रत्येक यंत्रानं इमानेइतबारे विचारलं, “देऊ का?” तोतयानं बँकेच्या खातेवहीला न विचारताच उत्तर दिलं, “दे.” काही तासांत परदेशात सुमारे 78 कोटी आणि देशात सुमारे अडीच कोटी रुपये गेले. 13 तारखेला आणखी 13.92 कोटी स्विफ्टमार्गे हाँगकाँगला वळवले. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना शिक्षा सुनावली.

एकाही एटीएमचं कुलूप तुटलं नाही. हुंडीच्या भाषेत सांगायचं तर पेढीवर आलेलं खात्रीचं पत्रच खोटं होतं.

याचं नगरला काय? आपला जिल्हा सहकाराचा, प्रवरेच्या साखर कारखान्यापासूनचा. दूध, ऊस, कांद्याचे पैसे बऱ्याच घरांत सहकारी बँकेतच जमा होतात. माझ्या आजोबांना त्यांच्या शाखेतला कॅशियर नावानं ओळखायचा, अंगठा बघायच्या आधी चेहरा बघायचा. आता तो चेहरा दूरच्या स्विचवर गेलाय, आणि अनेक छोट्या बँकांचा स्विच त्यांचा स्वतःचाही नसतो, बाहेरच्या कंपनीचा असतो. म्हणूनच 31 डिसेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेनं अशा कंपन्यांसाठी सुरक्षेचे नियम काढले, आणि ते त्यांच्याकडून पाळून घ्यायची जबाबदारी बँकांवर टाकली.

तेव्हा कीपॅडवर हात आडवा धरा, ते तुमचं काम. पण तुम्ही सहकारी बँकेचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत लाभांशाबरोबर एक प्रश्न आणखी विचारा: आपला स्विच कोणाकडे आहे, आणि त्याच्यावर नजर कोण ठेवतं?

जाता जाता एक गंमत. ‘शहाजोग’ म्हणजे एकेकाळी पतीचा, भरवशाचा. आज शहाजोगपणा म्हटलं की आपल्याला सोंग आठवतं. शब्दाचं जे झालं, तेच त्या शनिवारी स्विचचं झालं.