चित्त्याच्या बाजेशेजारी

मोबाईल कागललाच ठेवा. पायात कापशीची चप्पल घाला आणि पहाटेच्या बैलगाडीत चढा. कोल्हापूर वीसेक किलोमीटर आहे, म्हणजे हाडं खिळखिळी होईपर्यंत. गुऱ्हाळाचा गोड धूर नाकात, बैलांच्या घुंगरांचा आवाज कानात, आणि गाडीवान अधूनमधून तुमच्याच अंगावर पेंगतोय. राज्य राजाराम महाराजांचं. चित्त्यांचा शौक मात्र त्यांचे वडील शाहू महाराज यांच्यापासूनचा, म्हणजे तुमच्या कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक गेलेल्या पोराचा. तेवढी ओळख चित्तेखान्याच्या दारावर सांगा, आत सोडतील.

आत आधी भेटतो तो वास. शिळं मटण, ओली दोरी, उग्र मूत. मग बाज दिसते, आपण अंगणात टाकतो तसलीच, आणि तिच्यावर पाय पसरून चित्ता. डोळ्यांवर टोपी, कमरेला दोरी. शेजारच्या बाजेवर त्याचा चित्तेवान घोरतोय. घाबरू नका, हात लावा. केस वाटले होते तसे मऊ नाहीत, चांगले राठ आहेत. पंजा बघा, नखं कुत्र्यासारखी बाहेरच. आता तो डरकाळी फोडेल म्हणून श्वास रोखलाय ना? तो चिमणीसारखा चिवचिवतो.

हे जनावर आफ्रिकेतून बोटीनं आलंय. इथले चित्ते जवळजवळ संपलेच आहेत. त्याला माणसाळवायचं म्हणजे भर बाजारातून फिरवायचं. चला, दोरीचं एक टोक तुमच्याकडे. मिरच्यांचा खकाणा, भांड्यांचा खणखणाट, पोरांची झुंबड, एक म्हातारी पदर सावरत चित्त्यालाच शिव्या घालते. हळूहळू त्याचे कान मागं पडायचे थांबतात. तुमचे तळहात मात्र घामानं चिकट झालेले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत माळ. गाडीवर चित्ता, समोर काळविटांचा कळप. टोपी निघते, दोरी सुटते, आणि पुढचं तुम्हाला धड दिसतही नाही, नुसती धूळ. काही क्षणांत खेळ संपतो. चित्तेवान धापा टाकत पोचतो, लाकडी पळीत गरम रक्त धरून चित्त्यापुढं करतो, तेव्हा कुठं तो हरणाचा गळा सोडतो. काळविटाचं म्हणाल तर वाईट वाटतं; इथं तसं बोलू नका.

परतताना तुम्हाला राहवत नाही. "एवढी माया करता, मग पिल्लं का नाहीत?"

चित्तेवान हसतो. बादशाही वाड्यांतही ती सहसा झाली नाहीत. अकबराकडे हजार चित्ते होते असं जहांगीर सांगतो, आणि पिल्लं झाल्याची नोंद करतो ती फक्त एकदा. मादी नराला सहज जवळ येऊ देत नाही, आणि इथं तर दोघं दोरीला बांधलेले. 1956 मध्ये फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात पिल्लं होणार आहेत, 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलातही. हे तुमच्या जिभेवर येतं. गिळा.

"आणि झाली तरी काय करायची?" तो म्हणतो. "आईच्या मागं रानात शिकलेलाच चित्ता आम्ही घेतो. हितं जन्मलेल्याला हरीण धरायला कोण शिकवणार रं? तू पळणार हाईस का म्होरं?"