संकटात एकाच भाजीचे दोन भाव का?



एकाच दिवशी शेतावर एक भाव आणि शहरात दुसरा निघाला, की आपण म्हणतो, "मधल्याने खाल्लं." काही वेळा ते खरंही असतं. पण मागची तीन संकटं शेजारी ठेवून बघा.

१ जून २०१७. पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. वाशीला आवक घटली, मुंबईत भाजी महागली. नगर-नाशिककडे मात्र दूध-भाजी रस्त्यावर ओतली गेली. माल होता, वाट बंद होती.

२४ मार्च २०२०, लॉकडाऊन. नाशिकची द्राक्षं काढणीला आलेली, कोकणातला हापूस तोंडावर. हॉटेलं बंद, गाड्या कमी, मजूर गावी निघालेले. मे महिन्यात वाशी मार्केटही ११ तारखेपासून आठवडाभर बंद. लांबच्या शेतकऱ्याचा माल शेतातच पडून.

आमच्या मोरव्याची गोष्ट वेगळी. लोकल बंद झाली, तशी लगेजच्या डब्यातून जाणारी भाजीही थांबली. पण भाईंदरच्या सोसायट्या हाकेच्या अंतरावर. सकाळी माठ, पालक, मुळा उपटायचा, जुड्या बांधायच्या आणि गेटवर नेऊन विकायच्या. भाव आम्ही सांगायचो, गिऱ्हाईक समोर असायचं. फळं-भाजीपाला राज्याने २०१६ मध्येच नियमनमुक्त केला होता, म्हणजे थेट विक्रीची मुभा सगळ्यांनाच होती. पण ती उपयोगी पडली ज्याच्याजवळ गिऱ्हाईक होतं किंवा स्वतःची गाडी होती त्यालाच.

२०२३चा टोमॅटो हे दुखणं निराळं. जुलैत किलोला शंभरच्या वर गेला, सरकारने नेपाळहून मागवला. तो भाव बघून लागवडी झाल्या. रोप लावल्यापासून पहिला तोडा दोन-सव्वादोन महिन्यांनी. सगळ्यांचा माल एकदम आला आणि सप्टेंबरात भाव पडला. इथे फरक गावागावात नव्हता, महिन्यामहिन्यात होता.

म्हणून औषधंही दोन. वाट बंद होते तिथे जवळचं गिऱ्हाईक आणि गटाची गाडी आधीच बांधून ठेवावी. भाव चढलेला असतो तिथे आजचा दर बघून नाही, तोड्याच्या महिन्याचा अंदाज घेऊन लावावं.

आता राई-मुर्धा-मोरव्यातली शेती इमारती, रस्ते आणि प्रकल्पांच्या कचाट्यात आहे. मेट्रो कारशेडला गावांनी विरोध केला तो यासाठीच. आमच्या वाफ्यांवर अख्खं शहर जेवणार नाही, कबूल. पण पुढच्या वेळी वाट बंद झाली तर गेटपर्यंत चालत येणारी भाजी इथलीच असेल.

२०२०च्या एप्रिलमध्ये तुमच्याकडे शेतावर काय भाव होता आणि जवळच्या शहरात काय? पिकाचं नाव घालून लिहा.